आखूड काडतुसांचे रिव्हॉल्व्हर

मित्रांनो, मी एक जुने रिव्हॉल्व्हर आहे. नाव ऐकून लगेच मागे सरकू नका. मी रिकामा आहे, कुलूपबंद काचेच्या कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे नाही. मी हत्यार आहे, हे काही मी लपवणार नाही. पण आजवर माझ्यामुळे कुणाच्या केसालाही धक्का लागलेला नाही. माझे थोडे आयुष्य कमरेला लटकण्यात गेले, थोडे कागदावरची काळी वर्तुळे फोडण्यात आणि उरलेले अंधारात पडून. एकदा मात्र भलतेच घडायची वेळ आली होती, आणि तीही माझ्या घरच्याच माणसांवर. तीच हकिकत तुम्हाला सांगायची आहे. पण ती कळायला माझा जन्म कसा झाला ते आधी कळले पाहिजे.

मी कारखान्यात जन्मलो. पोलादाचा एक ओबडधोबड ठोकळा लेथवर चढला, कातला गेला, आणि मग एका फिटरच्या बाकावर येऊन पडला. त्या फिटरला बोलण्याची सवय नव्हती, शीळ घालण्याची होती. कानस फिरवायची, फुंकर मारायची, एक भाग दुसऱ्याला लावून पाहायचा, की पुन्हा कानस. माझ्या पोटात एक फिरते चक्र आहे. त्यात काडतुसे ठेवण्यासाठी सहा घरे आहेत. चाप ओढला की चक्र फिरते आणि एक घर नळीच्या बरोबर मागे येऊन थांबते. ते जरा जरी इकडेतिकडे थांबले तरी चालत नाही. माझे चक्र पहिल्यांदा बरोबर थांबले तेव्हा त्या माणसाची शीळ थांबली. याहून मोठी शाबासकी त्याने कुणाला दिल्याचे मी ऐकले नाही.

त्या काळी काडतुसे आखूड असत आणि त्यांतली दारू मवाळ असे. धूर भरपूर निघे, दणका बेताचा. त्यामुळे माझी घरे सरळ आरपार भोके पाडून केलेली होती. काडतूस अमुक इतकेच आत जावे, त्यापुढे जाऊ नये, यासाठी आत पायरी असते ना, तशी पायरी माझ्यात नव्हती. तिची गरजच कुणाला वाटली नाही. दुसरे लांब काडतूस त्या वेळी होतेच कुठे? ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू झाला.

माझ्या सांगाड्यावर, नळीवर आणि चक्रावर एकच क्रमांक ठोकण्यात आला, म्हणजे माझे भाग दुसऱ्याच्या भागांत मिसळायला नकोत. नळीच्या कुशीवर माझ्या काडतुसाचे माप सांगणारा आकडा आणि त्यापुढे त्याचे पूर्ण नाव कोरले गेले. मग मला तेल लावून, कागदात गुंडाळून कारखान्याबाहेर पाठवले.

माझा पहिला मालक बँकेचा पहारेकरी होता. वर्षानुवर्षे मी त्याच्या कमरेला चामडी म्यानात लटकत राहिलो. तो बिचारा इतका शांत माणूस की बँकेत मांजर शिरले तरी तो त्याला समजावून बाहेर काढायचा. त्याने माझा चाप कधी ओढला नाही. पण त्याच्या प्रत्येक पावलाबरोबर म्यानाचे चामडे माझ्या कुशीवर घासत राहिले. घासता घासता नळीवरचे नाव पुसट होत गेले आणि एक दिवस नाहीसे झाले. उरला फक्त आकडा. माणसाचे नाव पुसले जावे आणि घराचा नंबर तेवढा राहावा, तसे झाले.

पहारेकरी निवृत्त झाल्यावर मी ज्या हातात गेलो, तो हात मी कधी विसरणार नाही. ती शाळेत चित्रकला शिकवायची. सगळे तिला आत्या म्हणत. आधी तिच्या भावाची दोन मुले म्हणायची, मग शेजारची म्हणू लागली, आणि शेवटी चांदमारीच्या क्लबातले मिश्यांवाले बापयेसुद्धा. चांदमारी म्हणजे नेमबाजीचा सराव करायचे मैदान. समोर मातीचा उंच बांध, त्याच्यापुढे लाकडी चौकटीत लावलेले कागद, आणि अलीकडे पत्र्याच्या छपराखाली उभे राहायची जागा. आत्या तिथे सुट्टीच्या दिवशी सकाळी यायची. पहिल्यांदा आली तेव्हा कुणीतरी तिला विचारले की बाई, आपण कुणाला शोधताय? तिने समोरच्या कागदाकडे बोट दाखवले आणि म्हणाली, त्याला.

तिच्या बोटांना खडूची भुकटी असायची, त्यामुळे माझी मूठ तिच्या हातातून कधी सटकली नाही. ती घाई करत नसे. श्वास घ्यायची, अर्धा सोडायची, आणि लिंबू पिळावे तसा हळूहळू चाप दाबायची. मवाळ दारूचा तो परिचित दणका, धुराचा ढग, आणि ढग विरला की कागदाच्या मधोमध भोक. क्लबातल्या नव्या चकचकीत पिस्तुलांचे मालक यायचे आणि मला हातात घेऊन बघायचे. अहो आत्या, या म्हाताऱ्यात आहे तरी काय, असे विचारायचे. ती सांगायची, याला काय मानवतं ते मला माहीत आहे, बाकी काही नाही. ते ऐकले की माझी छाती फुगायची. पोलादाची छाती फुगत नाही, हे मलाही कळते. पण ती फुगायची.

सुखाचे दिवस किती टिकणार? माझी आखूड काडतुसे हळूहळू मिळेनाशी झाली. जो दुकानदार ती मागवायचा त्याने दुकान बंद केले. दुसऱ्याकडे होती ती नव्या धाटणीची, लांब आणि जोरकस. आत्याने ती हातात घेऊन पाहिली आणि परत ठेवली. शेवटचा डबा संपला तसे तिने मला स्वच्छ पुसले, तेल लावले आणि त्याच जुन्या चामडी म्यानात घालून कपाटात कुलूपबंद केले. चामडे ओल धरून ठेवते आणि पोलादाला ते बाधते, हे तिच्या लक्षात आले नाही. मधूनमधून ती मला बाहेर काढायची. पुढे पुढे तेही कमी झाले. माझ्या अंगावर तांबूस ठिपके उठले. अंधारात पडल्या पडल्या मी घरातले आवाज ऐकायचो. भांडी, रेडिओ, भाच्यांची भांडणे, त्यांची लग्ने, त्यांच्या मुलांची रडणी.

मग एके सकाळी घरात काहीतरी जड पडल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर बरेच दिवस रेडिओ लागला नाही. आत्याला अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. सगळे समजायचे, सगळे आठवायचे. पण शब्द ओठांपर्यंत येऊन परत जायचे. तोंडातून निघायचा तो फक्त एक हुंकार. ज्या हाताने मला पेलले होते तो हात आता उशीवर ठेवावा लागे.

आत्याचे लग्न झाले नव्हते. तिची दोन्ही भाचरे तिच्याजवळ येऊन राहिली. थोरला भाचा लिफ्ट दुरुस्तीचे काम करायचा. धाकटी भाची त्याला दादा म्हणायची, म्हणून आपणही त्याला दादाच म्हणू. भाची दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत होती. माझा परवाना आता तिच्या नावावर झाला होता. लहानपणी आत्याने तिला नेम धरायला शिकवले होते, ती अजून क्लबाची सभासद होती. दोघेही जिवाभावाचे. पण त्या घराला चार पायऱ्या होत्या आणि न्हाणीघराचे दार अरुंद. दिवसभर सगळ्या शहराला वर-खाली नेणाऱ्या दादाला घरच्या चार पायऱ्यांनी टेकीला आणले होते. आत्याला दवाखान्यात न्यायचे तर खुर्चीसकट उचलावे लागे. त्याची कंबर धरली. पायऱ्यांच्या जागी उतार करायचा आणि न्हाणीघराचे दार रुंद करायचे, तर खर्च मोठा होता.

तेव्हा दादाला माझी आठवण झाली. जुनी हत्यारे जमवणारा एक गृहस्थ त्याच्या ओळखीचा निघाला. तो म्हणाला, घेईन, पण ते चालतं असं दाखवा. चालत असेल तर किंमत चांगली देईन. यात दादाचे काय चुकले? आत्याच्याच सोयीसाठी आत्याची अडगळीत पडलेली वस्तू विकायची, हाच त्याचा सरळ हिशेब होता. भाचीला वाईट वाटले, पण तीही नाही म्हणाली नाही. आत्याला विचारायचे मात्र दोघांच्याही मनात आले नाही. ज्याला बोलता येत नाही त्याला विचारायचे राहूनच जाते.

किती वर्षांनी मी उजेडात आलो. भाचीने आधी माझे चक्र उघडून सहाही घरे रिकामी असल्याची खात्री केली. ते तिला आत्यानेच शिकवले होते. दादाने पॉलिशची डबी आणली आणि माझ्या डाव्या कुशीवर फडक्याने घासायला सुरुवात केली. अंगठ्याएवढी जागा आरशासारखी चकाकली. तेवढ्यात त्याला कामावरून फोन आला म्हणून बरे, नाहीतर माझी सगळी कातडीच सोलून निघाली असती. संध्याकाळी भाची क्लबातून काडतुसांचा डबा घेऊन आली. तिथल्या खिडकीवरच्या माणसाला तिने नळीवरचा आकडा सांगितला होता, आणि त्याने त्या आकड्याचा डबा काढून दिला होता. आकडा तोच होता. पण आडनाव एक म्हणून घर एक नसते, मित्रांनो. तो आकडा लावणारी काडतुसांची अनेक घराणी आहेत. कुणी आखूड, कुणी लांब. कुणी मवाळ, कुणी आडदांड.

दादाने एक काडतूस उचलले आणि नळी भिंतीकडे धरून माझ्या एका घरात घालून पाहिले. ते सरकत सरकत आत गेले. अगदी शेवटपर्यंत. अडवणारी पायरी माझ्यात नव्हतीच. चक्र बंद झाले, खट् असा आवाज आला. दादा खूश झाला. जणू याच्यासाठीच केलंय, असे तो म्हणाला. भाचीने त्याला झापले की घरात असले प्रयोग करायचे नाहीत, आणि काडतूस काढून घेतले. पण ते आत होते तेवढ्या वेळात मला जे वाटले ते कसे सांगू? तुमच्या आजोबांच्या खांद्यावर कुणी धान्याचे दुप्पट पोते ठेवले, आणि पोते खांद्यावर नीट बसले म्हणून सगळे खूश झाले, तर आजोबांना जे वाटेल तेच. ते लांब काडतूस उडाले असते तर माझे जुने पोलाद तो दाब सोसू शकले नसते. चक्र फुटले असते. आणि चक्राच्या मागे काय असते? धरणाऱ्याचा हात असतो. तोंड असते. मला ओरडायचे होते. पण मला ओरडण्याचा एकच मार्ग माहीत आहे, आणि तोच तर टाळायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांदमारीवर जायचे ठरले. भाचीने मला पेटीत ठेवले आणि काडतुसांचा डबा आवराआवर करण्यापुरता जेवणाच्या टेबलावर ठेवला. आत्याला तिच्या चाकांच्या खुर्चीत टेबलाशी आणून बसवले होते. तिला भरवायची वेळ झाली होती. आत्याने डबा पाहिला. मग तिची नजर माझ्या पेटीकडे गेली. आणि तिचा डावा हात एकदम टेबलावरून असा फिरला की डबा खाली पडून काडतुसे फरशीभर घरंगळली.

दादाचा चेहरा पडला. त्याला वाटले, विकण्याची गोष्ट आत्याला कळली आणि ती रागावली. तो तिच्यापाशी गुडघ्यांवर बसून समजावू लागला की आत्या, तुझ्यासाठीच करतोय, तुला बाहेर नेता यावं म्हणून. आत्या मान हलवत होती आणि हुंकार देत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आले. दादाच्याही आले.

भाची काडतुसे गोळा करत होती. ती थांबली. एक काडतूस हातात घेऊन ती आत्याच्या समोर येऊन बसली आणि हळू आवाजात विचारू लागली.

“विकायचं नाही, असं म्हणतेस का?”

आत्याने मान हलवली. ते नाही.

“मग उद्या चालवायचं नाही?”

आत्याने मान अर्धी हलवली, अर्धी थांबवली. म्हणजे तेही नाही, पण जवळपास.

भाचीने घाई केली नाही. आत्याने डाव्या हाताने तिच्या बोटांतून काडतूस काढून घेतले, टेबलावर आडवे ठेवले, आणि अंगठ्याचे नख त्याच्या मधल्या पितळेवर टेकवले. तिथे ती जणू ते कापत होती. मग नखाच्या पुढचा भाग बोटाने झाकला. भाची बघत राहिली. पुन्हा तेच. नख, आणि पुढचा भाग झाकलेला.

“आखूड पाहिजे,” भाची म्हणाली. “हे लांब आहे.”

आत्याने डोळे मिटले आणि मान खुर्चीच्या पाठीला टेकवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला काहीतरी सांगता आले होते.

दादाला मात्र पटले नाही. मी स्वतः घालून बघितलं, बसतं की, असे तो म्हणत राहिला. तरीपण सकाळचे जाणे रद्द झाले, आणि मला घेऊन दोघे बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे गेले. त्यांना सगळे चष्मेवाले काका म्हणत, कारण त्यांच्या नाकावर एक चष्मा आणि कपाळावर दुसरा असायचा, आणि दोन्ही असताना ते तिसरा शोधत असायचे. दुकान म्हणजे एक चिंचोळी खोली. तेलाचा वास, खिडकीजवळ बाक, बाकावर वस्तू आवळून धरणारा शिकंजा आणि भिंतीला लहान लहान खणांचे कपाट.

काकांनी आधी मला उघडून रिकामा असल्याचे पाहिले, मग नळीवरच्या आकड्यावर बोट फिरवले. आकड्यापुढे काहीच नव्हते. दादाने विचारले, कुठलं काडतूस लागतं याला? काका म्हणाले, मला नुसतं बघून सांगता येणार नाही, आणि जो नुसतं बघून सांगेल त्याच्याकडे जाऊ नका. त्यांनी माझ्या मुठीच्या लाकडी फळ्या काढल्या, आतल्या खुणा भिंगाने पाहिल्या, तिन्ही ठिकाणचे क्रमांक जुळतात का ते तपासले. ते जुळले. चक्र हलवून ते किती डुगडुगते ते पाहिले. मग नळीत एक मऊ शिशाची गोळी घालून लाकडी दांड्याने हलकेच ठोकत आरपार काढली आणि तिची जाडी मोजली. शेवटी थोड्याशा उष्णतेने वितळणारा एक धातू त्यांनी माझ्या एका घरात ओतला. तो गार झाल्यावर बाहेर काढला तर माझ्या घराचा हुबेहूब आकार हातात.

ते पाहून भाची हसली. आम्ही दाताचं माप घेतो ते असंच, असे म्हणाली. मग दोघांनी मिळून तो ठसा निरखला. भाचीच्याच नजरेला आधी पडले, की ठसा वरपासून खालपर्यंत एकाच जाडीचा आहे, मध्ये कुठेही पायरी नाही. काकांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि नाकावरचा कपाळावर.

“तुमच्या आत्याचं खरं आहे,” ते म्हणाले. “हे आखूड काडतुसाचं आहे. यात लांब जातं, कारण त्याला अडवायला काही नाही. जातं म्हणून घालायचं नसतं.”

दादा म्हणाला की पण चक्र फिरतंय, बंदही होतंय, आकडाही तोच. काकांनी कपाटाचा एक खण ओढून त्यातून एक चक्र काढले आणि बाकावर ठेवले. त्याचे एक घर उघडे पडले होते, पोलाद पाकळीसारखे बाहेर वळले होते. ते ज्याचे होते तो माणूस आता डाव्या हाताने जेवतो, एवढेच ते म्हणाले. दादाने ते चक्र हातात घेतले आणि फाटलेल्या कडेवरून बोट फिरवले. भाचीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“दादा, लिफ्टचा दोर बदलायची वेळ आली,” ती म्हणाली, “तर कप्पीत बसतोय म्हणून कुठलाही दोर घालशील का तू?”

दादाने चक्र खाली ठेवले. नाही, असे म्हणाला. मग खिशातून तो काडतुसांचा डबा काढून त्याने काकांच्या पुढे सरकवला आणि हा तुम्हीच क्लबाला परत करा, मला हातात धरवत नाही, असे म्हणाला. त्याच हाताने तो चांदमारीवर माझा चाप ओढणार होता.

निघताना त्याने माझी किंमत विचारली. काकांनी मला खिडकीच्या उजेडात वळवून धरले आणि त्या चकचकीत अंगठ्याएवढ्या जागेवर येऊन त्यांचे बोट थांबले. हे कुणी केलं, असे त्यांनी विचारले. दादाने मान खाली घातली. काका म्हणाले, म्हाताऱ्याच्या सुरकुत्यांना इस्त्री केली म्हणून तो तरुण होत नाही, उलट ओळखू येईनासा होतो. मूळचा रंग, झिजलेल्या कडा, म्यानाने घासलेली कुशी, यातच जाणकाराला या वस्तूचं आयुष्य दिसतं. वेळेवर थांबलात. मग त्यांनी समजावले की माझे क्रमांक जुळतात, कुठला भाग बदललेला नाही, आणि मला कुणी, कुठे, कशासाठी वापरले ते माहीत आहे. खरी किंमत या गोष्टींची. आत्याचा क्लबातला फोटो असेल तर तो सोबत ठेवा. आणि चालतं का हे पाहायचं असेल तर नीट पाहू, असे ते म्हणाले. माझ्यासारख्या जुन्या मंडळींसाठी कमी जोराची, मऊ शिशाच्या गोळीची आखूड काडतुसे अजून कुणी कुणी बनवतात. त्यांनी ती मागवायचे कबूल केले. त्यांची एकच अट होती, की पहिला बार माणसाच्या हातातून नाही.

काडतुसे यायला वेळ लागला. आल्यावर भाची त्यांतले एक घरी घेऊन गेली आणि मला पेटीत ठेवून तिने ते आत्याच्या डाव्या तळहातावर ठेवले. आत्याने ते बोटांत फिरवले, नख पितळेवर टेकवले, आणि मूठ मिटून घेतली. जेवण होईपर्यंत तिने ती मूठ उघडली नाही. तिला घास दुसऱ्यानेच भरवायचा होता, म्हणून चालून गेले.

काकांनी मला चांदमारीवर एका जड चौकटीत आवळले, चापाला दोरी बांधली आणि सगळ्यांना भिंतीमागे घेतले. दोरी ओढली गेली. मवाळ दणका. माझ्या सांध्यांतून ती जुनी ओळखीची थरथर गेली आणि विरली. काकांनी माझे चक्र पाहिले, घरे पाहिली, उडालेल्या काडतुसाचे पितळ भिंगाखाली धरले. सगळे शाबूत होते. पुन्हा एकदा, आणि पुन्हा एकदा. मग त्यांनी दोरी सोडली.

या वेळी आत्याला विचारले गेले. भाचीने तिच्यापुढे तीन गोष्टी मांडल्या. घरी ठेवायचं, त्या संग्राहकाला द्यायचं, की क्लबाला द्यायचं? क्लबाला माझ्यासारखे जुने काहीतरी दर्शनी ठेवायला हवे होते, आणि ते रास्त किंमत द्यायला तयार होते. प्रत्येक पर्याय भाची दोनदा म्हणाली आणि थांबली. आत्याचे डोळे तिसऱ्यावर मिटले. दादाने तिच्या मांडीवर डोके ठेवले, एवढा मोठा माणूस.

उतार बांधून झाला तेव्हा सगळ्यांत आधी त्यावरून आत्याची खुर्ची खाली आली आणि थेट चांदमारीवर गेली. क्लबातल्या जुन्या लोकांच्या मिश्या आता पांढऱ्या झाल्या होत्या. कपाटात जाण्याआधी मला एकदा हातातून चालवायचे ठरले होते, आणि ते काम भाचीकडे होते. काकांनी तिच्या हातात मोजून एकच काडतूस ठेवले. ती छपराखाली उभी राहिली. आत्याची खुर्ची मागे पिवळ्या रेषेपलीकडे, कानांवर जाड टोप्या, आणि समोर तिपाईवर दुर्बीण, म्हणजे कागदावरचे भोक दिसावे. भाचीने श्वास घेतला, अर्धा सोडला. चाप लिंबासारखा हळू दाबला गेला.

धूर विरला. सगळ्यांनी कानांवरच्या टोप्या काढल्या. गुण सांगणाऱ्याने आपल्या दुर्बिणीतून पाहिले आणि मोठ्याने म्हणाला, दहा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाचीने मला उघडून रिकामे केले, बाकावर ठेवले आणि वळून पाहिले. आत्या अजून दुर्बिणीला डोळा लावून होती. मग तिने डोळा काढला, ओठ हलवले, थांबली, पुन्हा हलवले.

“नऊ,” आत्या म्हणाली.

शब्द जाड होता, अडखळता होता, पण शब्द होता. गुण सांगणारा धावत गेला आणि कागद काढून घेऊन आला. दादा, भाची, काका, सगळी डोकी त्यावर वाकली. काकांनी तिन्ही चष्म्यांचा शोध घेतला. भोक दहाच्या वर्तुळाच्या अगदी बाहेरच्या कडेला होते, रेघेला शिवले नव्हते; शिवले असते तरच दहा. नऊच. भाची आधी हसायला लागली, मग तिला रडू आले, आणि मग पुन्हा हसू. गुण सांगणाऱ्याने कागदावरचा आकडा खोडून दुरुस्त केला. त्यानंतर आत्याला हळूहळू आकडे बोलता येऊ लागले, मग काही नावे. ती इथे येते तेव्हा मी काचेआडून ऐकतो. सगळे शब्द अजून आलेले नाहीत. काही येतील.

मित्रांनो, तुम्हाला कधी माझ्यासारखे काही कुठे सापडले, कपाटात, पेटीत, वळचणीला, तर त्याला हात लावू नका. मोठ्या माणसाला बोलावून आणा. ते रिकामे आहे असे कुणी सांगितले तरी लावू नका. आणि तुम्ही मोठे झालात, आणि तुमच्या हाती एखादे जुने यंत्र, जुने अवजार किंवा जुने माणूस आले, तर त्यात नवे काही घालण्याआधी त्याला विचारा की तुला काय मानवते. घाईने घासून चकचकीत करू नका. जाणकाराला दाखवा. आणि जो पूर्वी ते हाताळत होता तो अजून असेल, तर आधी त्याच्याकडे जा. त्याला बोलता येत नसेल तर उत्तर यायला वेळ लागेल. थोडे थांबा.